बरणीतली विहीर

भात, आंबा, काजू यांच्याबद्दल आपण या पानावर नेहमीच बोलतो. आज बोलू वीतभर उंचीच्या रोपांबद्दल. विषय हलका वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. या रोपांमुळे आपल्या घरात चार पैसे येऊ शकतात, आणि याच रोपांपायी आपल्या रानाचं मोठं नुकसानही होऊ शकतं. दोन्ही गोष्टी आपल्याच हातात आहेत.

आधी एक करा. तुमच्या परसात किंवा वाडीत जुनी बांधीव विहीर असेल तर कठड्यावरून जरा जपून आत बघा. चिऱ्यांच्या फटींत काळ्या, चकचकीत, तारेसारख्या देठांवर नाजूक हिरवी पानं दिसतील. तो हंसराज. त्याच्या आजूबाजूला मखमलीसारखं शेवाळ असेल. एप्रिलच्या उन्हात वर अंगणातली तुळस मान टाकते, तेव्हाही ही मंडळी आत सुखात असतात. त्यांना कोणी पाणी घालत नाही की खत घालत नाही. मग ती जगतात कशावर?

उत्तर सोपं आहे. विहिरीत ऊन थेट पोचत नाही, पण उजेड पोचतो. वारा लागत नाही, म्हणून पानांतली ओल उडून जात नाही. आणि खालच्या पाण्याची वाफ सारखी वर येत राहते. सावली, ओल आणि वाऱ्यापासून आडोसा, या तीन गोष्टी मिळाल्या की उष्ण प्रदेशातल्या रानातली लहान झाडं खूश असतात.

शहरात आता घरोघरी काचेच्या बरणीत लहानशी बाग केलेली दिसते. टेबलावर, खिडकीशी, दवाखान्यात, हॉटेलात. तिला टेरारियम म्हणतात. नाव अवघड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. टेरारियम म्हणजे बरणीतली विहीर. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप समजेल.

लंडनच्या डॉक्टरची बाटली

ही युक्ती सापडली ती चुकून. लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची, म्हणजे शहरातले लोक ज्यांना फर्न म्हणतात त्या झाडांची फार हौस. पण त्या काळचं लंडन कोळशाच्या धुराने भरलेलं. अंगणात लावलेले नेचे काही केल्या जगेनात. १८२९ साली डॉक्टरांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटलीत बंद केला. पतंग कसा बाहेर येतो ते त्यांना बघायचं होतं. काही दिवसांनी बघतात तर बाटलीतल्या मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं उगवलेलं! बाहेर हजार प्रयत्न करून जे जगत नव्हतं, ते बंद बाटलीत आपसूक वाढत होतं. ती रोपं जवळजवळ चार वर्षं वरून पाणी न घालता जगली.

वॉर्ड साहेबांनी मग काचेच्या मोठ्या पेट्या बनवून घेतल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या रोपांनी भरून जहाजावरून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर रोपं तिथे जिवंत पोचली. त्याआधी अशा प्रवासात खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने बहुतेक रोपं वाटेतच मरायची.

या पेटीने जगाची शेती बदलली असं म्हटलं तर वावगं होणार नाही. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने १८४८ नंतरच्या तीन-चार वर्षांत चीनमधून चहाची हजारो रोपं अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. हिवतापावरचं कोयनेल ज्याच्या सालीपासून निघतं त्या सिंकोनाची रोपं १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून निघून निलगिरीच्या डोंगरात पोचली, तीही या पेटीच्याच कृपेने. सकाळी आपण चहाचा कप तोंडाला लावतो, त्यामागे या बाटलीचाही थोडा हात आहे.

बरणीत नेमकं काय चालतं?

झाड मुळांनी पाणी घेतं आणि पानांतून वाफेच्या रूपाने सोडतं. उघड्यावर ती वाफ वाऱ्याबरोबर जाते. बरणीत ती जाणार कुठे? काचेला लागून तिचे थेंब होतात, थेंब ओघळून परत मातीत येतात, आणि मुळं तेच पाणी पुन्हा घेतात. समुद्राची वाफ, ढग, पाऊस, नदी आणि परत समुद्र, हे शाळेत शिकलेलं जलचक्र इथे दोन लिटरच्या बरणीत फिरत असतं.

हवेचंही तसंच. दिवसा उजेडात झाड कार्बन डायऑक्साइड घेऊन प्राणवायू सोडतं. झाड रात्रंदिवस श्वासही घेत असतं, त्यात प्राणवायू खर्च होऊन कार्बन डायऑक्साइड परत येतो. गळलेली पानं मातीतले सूक्ष्म जीव कुजवतात, त्यातूनही तो मिळतो. म्हणून झाकण बंद असलं तरी झाड गुदमरत नाही.

बरणी कशी भरावी?

महागडं भांडं आणायची काही गरज नाही. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या मोठ्या काचेच्या बरण्या असतात ना, तिरक्या ठेवलेल्या, तशी एखादी मिळाली तर उत्तम. लोणच्या-मुरांब्याची रुंद तोंडाची बरणीही चालते. हात आत जायला हवा आणि काच रंगीत नको. गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून घ्या.

तळाला दोन बोटं बारीक खडी किंवा विटांचे तुकडे घाला. जास्तीचं पाणी मुळांशी न साचता खाली उतरावं म्हणून हा थर. त्यावर चुलीतल्या लाकडी कोळशाचा जाडसर चुरा एक बोटभर पसरा. राख नको, कोळसाच. त्यावर नारळाच्या काथ्याचा किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरा, म्हणजे माती खाली झिरपत नाही.

आता माती. शेतातली माती तशीच भरू नका, ती बरणीत दगडासारखी दाबून बसते. दोन भाग काथ्याचा भुसा, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग नदीची जाड वाळू असं मिश्रण करा. काथ्याच्या भुशात मीठ असतं, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या. हे मिश्रण तीन-चार बोटं जाड घातलं की पुरे. शेणखत, युरिया, मिश्रखत यांतलं काहीही घालायचं नाही. बरणीत रोपं दांडगी व्हायला नको आहेत, लहान राहायला हवी आहेत.

पाणी किती घालायचं? शेतकऱ्याला हे सांगायला एकच शब्द पुरतो : वाफसा. मूठभर मिश्रण दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. बरणीतली माती कायम वाफशावर हवी. पाणी पावसाचं साठवलेलं असेल तर फारच छान. बोअरच्या जड पाण्याचे काचेवर आणि पानांवर पांढरे डाग पडतात.

रोपं लावून झाली की झाकण लावा आणि काचेकडे लक्ष ठेवा. तीच तुमच्याशी बोलते. सकाळी काच धुरकट आणि दुपारपर्यंत स्वच्छ, म्हणजे सगळं ठीक. दिवसभर थेंबच थेंब असतील तर पाणी जास्त झालं, एक-दोन दिवस झाकण काढून ठेवा. चार-पाच दिवस धुकं दिसलंच नाही तर दोन चमचे पाणी द्या. घडी बसली की पुढे महिनोन्‌महिने पाण्याची गरज पडत नाही.

बरणी उन्हात मात्र कधीही ठेवू नका. बंद मोटारगाडी उन्हात उभी केली की आत काय होतं ते आपण जाणतोच. बरणीतही तेच होतं, आणि घटकाभरात पानं शिजतात. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ, पडवीत, माठ ठेवतो त्या तिवईशेजारी, अशी उजेडाची पण उन्हाची नसलेली जागा बघा. पेपर आरामात वाचता येईल इतका उजेड हवा. घरात अंधार असेल तर पांढरा एलईडी दिवा दिवसाचे दहा-बारा तास लावला तरी झाडं वाढतात.

माझी फजिती

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण शिकलो ते ठेच लागूनच. माझी पहिली बरणी आठ दिवसांत नासली.

आमच्या जुन्या घराची विहीर बारा हातांवर पाणी असलेली. तिच्या आतल्या पायरीवर हंसराजाचा दाट झुपका होता. मी उतरलो आणि अर्धाअधिक झुपका चिऱ्यापासून ओढून काढला. बरणीत बागेतली माती भरली, वर ‘जरा जोर यावा’ म्हणून शेणखत घातलं, रोज सकाळी पेलाभर पाणी ओतलं आणि बरणी दारातल्या उन्हात ठेवली. जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या! पाचव्या दिवशी पांढरी बुरशी, सातव्या दिवशी वास, आठव्या दिवशी सगळं उकिरड्यावर.

बरणी धुऊन पुन्हा वापरली. पण विहिरीतल्या पायरीचं काय? दोन पावसाळे गेले तरी तो चिरा उघडाच होता. बाजूला आता कुठे चार-दोन काड्या दिसायला लागल्यात. घरी कोणी मला बोललं नाही, पण पाणी काढायला गेलो की माझी मलाच लाज वाटायची. मूठभर झाड ओढायला मला एक मिनिट लागलं होतं. आजच्या लेखाचं मूळ त्या उघड्या चिऱ्यात आहे.

कुठली रोपं घ्यावीत?

बरणीला रोपं हवीत ती लहान राहणारी, सावलीत वाढणारी आणि मुख्य म्हणजे घरी सहज वाढवता येणारी. शहरातल्या रोपवाटिकांत ती मिळतात. एकेक जातीचं एकच रोप आणा, तेवढंच भांडवल.

फिटोनिया : पानांवर पांढऱ्या किंवा लाल शिरांची जाळी. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडच्या जंगलातला. पाणी कमी पडलं की नाटकी मान टाकतो, दिलं की तासाभरात उठून बसतो.

पेपेरोमिया : जाडसर, गुळगुळीत पानांची बुटकी झाडं. जाती पुष्कळ आहेत. बरणीत ओल बेताची ठेवावी.

रेक्स बेगोनिया : रंगीत, नक्षीदार पानांचा. पान मोठं होतं, म्हणून मोठ्या बरणीत एकच लावावा.

फायकस पुमिला : वड-पिंपळाच्या कुळातला चिमुकला वेल, मूळ चीन-जपानकडचा. भिंतीवर चढतो तसा बरणीत दगडावर चढतो. वरचेवर खुडावा लागतो.

आफ्रिकन व्हायोलेट : टांझानियातल्या डोंगरांतलं जांभळ्या फुलांचं झाड. हे उघड्या भांड्यात, खिडकीशी बरं. पानांवर पाणी टाकू नये, डाग पडतात.

सेलॅजिनेला आणि लहान नेचे : यांच्यामुळे बरणीला रानाचा देखावा येतो. ही झाडं ओलीवरच जगतात, म्हणून झाकण हवंच.

कोरफड, निवडुंग आणि तत्सम गरदार झाडं मात्र बंद बरणीत लावू नका. ती कोरड्या हवेची. बाजारात ती बरणीत लावून विकताना दिसतात, पण बंद झाकणाखाली ती हमखास कुजतात.

एकाची दहा कशी करायची?

इथे आपण शहरातल्या माणसापेक्षा पुढे आहोत. कलम, छाट, रोपवाटिका ही आपली रोजची कामं. ज्याच्या हाताला आंब्याची कोय-कलमं बांधायची सवय आहे त्याला ही रोपं म्हणजे पोरखेळ.

झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, मिठाईचा चालेल. त्यात ओलसर काथ्याचा भुसा आणि वाळू निम्मी-निम्मी भरा. फिटोनियाचे दोन-तीन पेरांचे शेंडे कापून, खालची पानं काढून त्यात खोचा. झाकण लावून पडवीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. फायकस पुमिलाचंही असंच.

पेपेरोमियाचं आणि आफ्रिकन व्हायोलेटचं एक पान देठासकट खोचलं तरी बुडाशी बारकी पिल्लं येतात. त्याला महिना-दोन महिने लागतात, धीर धरा. रेक्स बेगोनियाचं पान उलटं करून जाड शिरांवर धारदार पात्याने छेद द्या, मग सुलटं करून ओल्या भुशावर टेकवा आणि लहान खडे ठेवून दाबा. प्रत्येक छेदाशी रोप येऊ शकतं.

आणि हंसराज? त्याला उपटायची गरजच नव्हती, हे मला मागाहून कळलं. त्याच्या काही जातींत पानाचं लांब टोक जमिनीला टेकलं की तिथे मुळं फुटून नवं रोप तयार होतं. टोकाखाली मातीची वाटी धरली की झालं. दुसरी रीत बीजाणूंची. पानाच्या मागच्या कडेला तपकिरी रेघा दिसतात, त्यांत पिठासारखे बीजाणू असतात. तसं एक पक्व पान कागदाच्या घडीत दोन-तीन दिवस ठेवा, खाली पूड पडते. विटेचा तुकडा पाण्यात उकळून घ्या, गार झाल्यावर ताटलीतल्या पाण्यात ठेवा, वर ती पूड भुरभुरा आणि सगळं काचेखाली झाका. काही आठवड्यांत विटेवर हिरवी खवल्यांसारखी साय धरते आणि काही महिन्यांनी त्यातून इवलीशी पानं वर येतात. एका पानाच्या पुडीतून ताटभर रोपं. मूळ झाडाला धक्का नाही.

शेवाळासाठीही रानात जायला नको. पावसाळ्यात आपल्या गडग्यावर, कौलांवर, न्हाणीघरामागच्या चिऱ्यांवर ते भरपूर येतं. तळहाताएवढा तुकडा घ्या, सुकवून चुरा आणि जांभ्याच्या ओल्या तुकड्यांवर पसरून झाकलेल्या ट्रेमध्ये सावलीत ठेवा. काही आठवड्यांनी हिरवी झाक दिसू लागेल. सावकाश वाढतं, पण वाढतं.

कीड-रोगात मुख्य शत्रू दोन. पांढरी बुरशी दिसली तर झाकण काढा, कुजलेलं पान चिमट्याने उचला, ओल कमी करा. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. बंद बरणीत कीटकनाशक फवारू नका.

शेवाळाचं पोतं

आता मुद्द्याचं बोलतो. हौस वाढली की बाजार वाढतो, आणि बाजार वाढला की कोणीतरी सोपी वाट शोधतो.

आमच्या शेजारच्या गावात ऐन श्रावणात एक माणूस टेम्पो घेऊन आला. ‘शेवाळ द्या, पोत्यावर पैसे’ म्हणाला. पोरांना काय, सुट्टीचे दिवस. दोन दिवसांत वहाळाच्या दोन्ही काठांचे कातळ खरवडून झाले. पैसे मिळाले, भजी-चहा झाला, टेम्पो गेला. पुढच्या पावसात मी मुद्दाम तिथे गेलो. कातळ काळेभोर, धुतल्यासारखे. शेवाळ तर नव्हतंच, पण त्या शेवाळाच्या गादीत रुजणारी बारकी जांभळी-गुलाबी फुलंही नव्हती.

असं का होतं? शेवाळ म्हणजे नुसती हिरवी रंगत नव्हे. उघड्या कातळावर पहिलं बिऱ्हाड त्याचं. ते पाणी धरून ठेवतं, धूळ अडवतं, त्यातून मूठभर माती तयार होते आणि मग त्यात दुसरी रोपं येतात. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते बोट-दोन बोटं वाढणारी ही वनस्पती. खरवडायला खुरपं एक मिनिट घेतं, भरून यायला वर्षं लागतात.

ऑर्किडांचं दुखणं याहून मोठं. आंबोलीसारख्या, सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या भागात झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी आणि तिची भावंडं फुलतात. काहीजण त्यांना बांडगूळ समजून काढून टाकतात. तसं नाही बरं का! बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड फक्त झाडाच्या अंगाखांद्यावर बसतं. त्याच्या एका शेंगेत धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते, आणि फुलावर यायला पुढे कित्येक वर्षं जातात. असं झाड फांदीसकट ओढून घाटरस्त्यावर गाडीवाल्याला विकलं, तर ते त्याच्या फ्लॅटमध्ये दुसरा पावसाळा क्वचितच बघतं.

सड्यावरच्या दवबिंदूचीही तीच गत. चिकट थेंबांनी किडे पकडणारी ही चिमुकली लाल वनस्पती बरणीत शोभेल असं वाटतं खरं. पण तिला लागतं उघडं ऊन आणि सड्याची निकस, ओली माती. सावलीतल्या बरणीत ती टिकत नाही.

इंग्लंडात घडलं ते

वॉर्ड साहेबांच्या बाटलीची गोष्ट अर्धीच सांगितली होती. उरलेली आता ऐका. काचेची पेटी हाती आल्यावर इंग्लंडात नेच्यांचं वेड पसरलं. १८५५ साली चार्ल्स किंग्जली या लेखकाने त्या वेडाला नावही देऊन टाकलं, ‘टेरिडोमेनिया’, म्हणजे नेच्यांचं पिसं. जो तो डोंगरदऱ्यांत जाऊन नेचे उपटू लागला, विकणारे टोपल्या भरभरून शहरात नेऊ लागले. धबधब्याजवळच्या कपारीत वाढणारा ‘किलार्नी फर्न’ नावाचा नेचा त्यात जवळजवळ संपला. वेड ओसरून शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी ब्रिटनमध्ये तो आजही दुर्मिळ आहे आणि कायद्याने राखावा लागतो.

ज्या पेटीने झाडं जगवायला शिकवलं, तिच्याच पायी रानं ओकीबोकी झाली. दोष पेटीचा नव्हता. झाड वाढवण्यापेक्षा ओरबाडणं सोपं वाटलं, दोष त्याचा. आपला सह्याद्री तर जगाच्या वारसा यादीत आहे, कास पठार धरून त्यातल्या काही जागांना २०१२ साली युनेस्कोने तो मान दिला. तो मान कागदावर राहायचा की कातळावर, हे आपण ठरवायचं.

कायदा काय म्हणतो?

‘शेवाळच तर आहे, त्याला कोण विचारतो?’ असं म्हणू नका. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या आहे. तीत लाकूड, मध, लाख यांच्या जोडीला गवत, वेली आणि चक्क शेवाळाचाही उल्लेख आहे. राखीव जंगलातून वनोपज परवानगीवाचून काढणं हा गुन्हा. टेम्पोवाला निघून जातो, सापडतो तो खुरपं हातात असलेला आपला पोरगा.

ऑर्किडांबाबत आणखी एक. सगळी ऑर्किडं ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. म्हणजे परदेशी व्यापाराला परवान्याचे कागद लागतातच.

उलट बाजूही सांभाळा. बरणीतली परदेशी रोपं जास्त झाली म्हणून वहाळात किंवा रानाच्या कडेला टाकू नका. नद्या-तळी गिळणारी जलपर्णी आणि माळ व्यापणारी घाणेरी, या दोन्ही वनस्पती आपल्या देशात शोभेची झाडं म्हणूनच आल्या होत्या. जास्तीची रोपं उन्हात सुकवून खताच्या खड्ड्यात पुरा.

विक्रीचं गणित

शेवटी पैशाचं. खरं सांगायचं तर यावर घर चालणार नाही. पण पडवीच्या एका कोपऱ्यात, दुपारच्या रिकाम्या वेळात, घरातल्या बाईमाणसांना किंवा शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांना करता येण्याजोगा हा जोडधंदा आहे. कोकणातली दमट हवा इथे फुकटचं भांडवल. पुण्या-मुंबईच्या माणसाला जी हवा यंत्र लावून करावी लागते, ती आपल्या पडवीत जून ते सप्टेंबर आयती असते.

सुरुवातीला तयार बरण्या विकायच्या मागे लागू नका. काच फुटते, वजन पडतं, वाहतूक परवडत नाही. मुळं फुटलेली लहान रोपं विका. ओलसर वर्तमानपत्रात मुळं गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यात घालून कुरिअरने पाठवता येतात. सोमवारी पाठवावीत, म्हणजे रविवारची सुट्टी आड येऊन डबा गोदामात पडून राहत नाही. जवळच्या हॉटेलांना आणि पर्यटकांच्या निवासांना तयार बरणी द्यायची असेल तर स्वतः नेऊन द्या, आणि कशी राखायची ते चार ओळींत लिहून चिकटवा. ‘ही रोपं घरी वाढवलेली आहेत, रानातून आणलेली नाहीत’ हेही लिहा. जाणते गिऱ्हाईक ते वाचतं.

आणि एक सावधगिरी. ‘आमच्याकडून रोपं घ्या, वाढवा, आम्हीच दामदुपटीने परत घेऊ’ असं कोणी सांगत आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. व्हॅनिलाचं आठवतंय ना? २००३ च्या सुमारास भाव आभाळाला भिडले, दोन-तीन वर्षांत जमिनीवर आपटले. एका रोपाने सुरुवात करा, कर्ज काढू नका, आणि गिऱ्हाईक मिळेल तसं वाढवा. रोपवाटिकेचं शिक्षण हवं असेल तर आपल्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे. जाऊन विचारा, लाजू नका.

माझ्या ओट्यावर आता तीन बरण्या आहेत. तिसरीतला हंसराज विहिरीतल्याच झाडाच्या टेकलेल्या टोकापासून केलेला, आणि त्याची चार पिल्लं डब्यात वाढताहेत. येत्या मृगात त्यातली दोन मी पुन्हा त्या उघड्या चिऱ्याच्या फटीत लावणार आहे. जगतील की नाही, सांगता येत नाही. पण घेतलेलं परत करायची रीत आपल्या शेतात आहेच. बी पेरायला घेतो, आणि सुगीला पहिलं पायलीभर पुढच्या बियाण्याला बाजूला ठेवतो. रानाशीही तोच व्यवहार ठेवा.